पिवळी सलाईन

निपाणी-बेळगाव पट्ट्यातल्या लहान दवाखान्यांत तापाच्या दिवसांत एक मागणी ठरलेली असते: ‘गोळ्या नकोत वो डॉक्टर, एक सलाईन चढवा की.’ बाटली खिडकीच्या गजाला टांगली जाते, तिच्यात मल्टिव्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडलं की पाणी पिवळंधमक होतं आणि बाकावरचे नातेवाईक निवांत होतात. तो रंग बी-२ चा. बाटलीतल्या क जीवनसत्त्वाशी त्याचा संबंध नाही. तरीही तोंडावाटे घेतलेलं हलकं नि शिरेतून गेलेलं भारी, हा समज अडाण्यांचा म्हणून सोडून देता येत नाही. तोंडावाटे की शिरेतून, हा प्रश्न मोठमोठ्यांनाही चकवून गेला आहे.

अमेरिकेतल्या रीड्सव्हिलच्या फ्रेडरिक क्लेनर या डॉक्टरने १९४९ मध्ये पोलिओचे ६० रुग्ण क जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनांनी बरे केल्याचं लिहिलं. तुलनेला इंजेक्शन न दिलेला गटच नव्हता, आणि पोलिओची लागण झालेले बहुतेक जण तसेही लुळे पडत नाहीत. मग १९७० मध्ये लायनस पॉलिंग यांचं सर्दीवरचं पुस्तक आलं. दोन नोबेल मिळवलेला माणूस रोज ग्रॅमच्या मापात घ्या म्हणाल्यावर गोळ्या खपणारच. वाद होता तो ‘किती’चा, ‘कुठून’ हे कुणी फारसं विचारत नव्हतं. पॉलिंग आणि डॉ. युअन कॅमेरून यांनी कॅन्सरच्या रुग्णांना आधी शिरेतून, नंतर तोंडावाटे दिलेल्या उपचाराचा दाखला दिला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने तो खोडताना नुसतं तोंडावाटे दिलं. दोघांचं भांडण एकाच औषधावर चाललंय, असंच सगळे धरून चालले.

हा गुंता मार्क लेव्हिन या संशोधकाच्या मोजमापांनी सोडवला. २०० मिलिग्रॅमपर्यंतचा डोस जवळपास सगळा अंगी लागतो. पुढे आतडं आखडता हात घेतं, मूत्रपिंड जादाचं बाहेर टाकतं, अतीच झालं तर जुलाब. तोंडाने कितीही घ्या, रक्तातली पातळी लिटरला सुमारे २२० मायक्रोमोलवर अडते. शिरेतून ती याच्या पन्नासपटीहूनही वर जाऊ शकते. म्हणजे सलाईन मागणाऱ्याचं निम्मं बरोबरच होतं: शिरेतून जास्त पोचतं.

उरलेलं निम्मं, म्हणजे जास्त पोचलं की जास्त गुण येतो का, हे कोविडने तपासलं. २०२१ च्या चाचणीत रोज ८ ग्रॅम तोंडावाटे घेऊनही लक्षणांचे दिवस लक्षणीय कमी झाले नाहीत. २०२३ मध्ये इस्पितळातल्या कोविड रुग्णांना दर सहा तासांनी किलोमागे ५० मिलिग्रॅम शिरेतून दिल्याचे निष्कर्ष आले, तेव्हाही फायदा दिसला नाही. हाच डोस सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव निकामी होऊ लागलेल्या रुग्णांना दिला तेव्हा, २०२२ च्या अहवालानुसार, मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण उलट वाढलेलं आढळलं. पिवळ्या बाटलीत तर त्या डोसाचा किरकोळ अंश असतो. सर्दीपुरती एक गोष्ट टिकली: बारमाही रोज घेणाऱ्या मोठ्या माणसांची सर्दी सुमारे ८ टक्के लवकर सरते, शिंका सुरू झाल्यावर धरलेल्या गोळीचा ठाम उपयोग नाही. आणि तंबाखूच्या निपाणीत हेही सांगायला हवं, की विडी-सिगारेट ओढणाऱ्याला रोज ३५ मिलिग्रॅम जादा लागतं. ते एका पेरूत भागतं.

मग सलाईननंतर माणूस तरतरीत का होतो? उलट्यांनी सुकलेल्या अंगाला मीठ-पाणी मिळतं म्हणून. ज्याला पाणी पिता येतं त्याच्यासाठी ओआरएस पुरतं. डेंग्यूत तर गरज नसताना चढवलेलं पाणी फुप्फुसाभोवती साचून श्वास कोंडू शकतो, मग बाटली पिवळी असो की पांढरी.