अस्सलपणाची मुभा कोणाला?

व्यवस्थापनशास्त्रात ‘ऑथेंटिक लीडरशिप’, म्हणजे अस्सल नेतृत्व, ही संकल्पना बिल जॉर्ज यांच्या २००३ सालच्या पुस्तकाने लोकप्रिय केली, आणि पुढच्या अभ्यासकांनी तिचे चार घटक मांडले: स्वतःच्या बलस्थानांची व उणिवांची जाण, अंगी बाणलेली नीतिमूल्ये, निर्णयापूर्वी विरोधी मतही तोलून पाहण्याची सवय आणि सहकाऱ्यांशी आडपडदा न ठेवता वागणे. माणूस जसा आहे तसा वागला की लोकांचा विश्वास आपोआप बसतो, असे या मांडणीत गृहीत धरलेले असते. परंतु जिथे नेत्याची प्रतिमा आधीच ठरून गेलेली असते, तिथे हे गृहीतक त्या प्रतिमेत बसणाऱ्यांपुरतेच खरे ठरते. ॲलिस ईगली या मानसशास्त्रज्ञ विदुषीने २००५ साली हाच आक्षेप घेतला होता: नेत्याची मूल्ये अनुयायांनी आपली मानली तरच अस्सलपणा फळाला येतो, आणि ज्यांना आजवर नेतृत्वाबाहेर ठेवले गेले त्यांना, विशेषतः स्त्रियांना, ही मान्यता सहजासहजी मिळत नाही. अमेरिकेत ज्यांना ‘विमेन ऑफ कलर’ म्हणतात, म्हणजे कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी, आशियाई, मूलनिवासी अशा गौरेतर स्त्रिया, त्यांना लिंग आणि वर्ण या दोन्ही कसोट्या एकाच वेळी लागतात. ‘आहात तशाच राहा’ हा उपदेश त्यांना करण्याआधी तसे राहण्याची मुभा संस्थेने किती दिली आहे, हे पाहिले पाहिजे. आणि ते पाहण्यासाठी चेन्नईइतके बोलके शहर दुसरे क्वचितच सापडेल.

पेप्सिकोच्या माजी मुख्य कार्यकारी अधिकारी इंद्रा नूयी यांचे उदाहरण या संदर्भात सर्वत्र दिले जाते, पण बहुधा अर्धेच. १९५५ साली मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, जन्मलेल्या, मद्रास ख्रिश्चन कॉलेज आणि कलकत्त्याची भारतीय व्यवस्थापन संस्था येथे शिकून १९७८ मध्ये येल विद्यापीठात गेलेल्या नूयी उन्हाळी नोकरीच्या मुलाखतीला अंगाला नीट न बसणारा स्वस्तातला सूट घालून गेल्या आणि ओशाळवाण्या होऊन परतल्या. तेव्हा विद्यापीठातील नोकरीविषयक सल्लागार बाईंनी त्यांना, भारतात जे नेसला असता तेच नेसून जा, असे सांगितले, आणि पुढच्या मुलाखतीला साडी नेसून गेलेल्या नूयींना एका सल्लागार कंपनीने कामावर घेतले. प्रेरणादायी व्याख्यानांत गोष्ट इथेच संपते. नूयींच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात मात्र ती पुढे जाते. त्या उन्हाळ्यात त्या रोज साडी नेसून कचेरीत जात, परंतु ज्या ग्राहक कंपनीचे काम चालले होते तिच्याकडील बैठकांना सहकारी त्यांना नेत नसत, कारण त्या काळच्या इंडियानापोलिसमधील ग्राहकाला साडीतली सल्लागार खटकली असती. आणि हे आपण तेव्हा समजून घेऊन स्वीकारले, अशी त्यांची नोंद आहे. कचेरीच्या आत अस्सलपणा चालतो, ग्राहकासमोर तो चालत नाही, ही मर्यादा कोणत्याही नियमपुस्तिकेत लिहिलेली नसते, पण ती प्रत्येकीला बरोबर कळते. पुढे नूयींनी रीतसर सूट घातले, १९९४ मध्ये त्या पेप्सिकोत आल्या आणि २००६ ते २०१८ या काळात तिच्या मुख्य कार्यकारी अधिकारी होत्या. पोशाखाच्या बाबतीत त्यांनी जमवून घेतले, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. त्यांचे अस्सलपण शोधायचे ते अन्यत्र.

ते दोन ठिकाणी स्पष्ट दिसते. मद्रासच्या पाणीटंचाईत, मोजून मापून पाणी वापरणाऱ्या घरात त्या वाढल्या होत्या, आणि शीतपेयांच्या कारखान्यांत पाण्याचा वापर कमी करण्याचा आग्रह धरताना या अनुभवाचा आधार त्या उघडपणे सांगत. दुसरे उदाहरण पत्रांचे. मुख्य अधिकारी झाल्यानंतर त्या भारतात आईकडे आल्या, तेव्हा घरी आलेल्या पाहुण्यांनी त्यांच्याशी जुजबी बोलून खरे अभिनंदन केले ते आईचे, मुलीला चांगले वाढवल्याबद्दल. त्यावरून नूयींनी आपल्या हाताखालच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या आईवडिलांना पत्रे लिहिण्याचा प्रघात पाडला, ज्यांत त्यांचा मुलगा वा मुलगी कंपनीसाठी काय करते हे लिहून त्या मातापित्यांचे आभार मानलेले असत. अपत्याच्या यशाचे माप आईवडिलांच्या पदरात टाकण्याची ही रीत मराठी घरांनाही परकी नाही, आणि ती न्यूयॉर्क राज्यातील मुख्यालयात नेण्यासाठी लागणारे धाडस साडी नेसण्याच्या धाडसाहून कमी नव्हते. फरक असा की, हे धाडस त्यांनी सर्वोच्च पदावर पोहोचल्यावर केले. अधिकार आधी आला, अस्सलपणाची मुभा नंतर आली; अस्सल वागल्यामुळे अधिकार मिळतो, हा पाठ्यपुस्तकातला क्रम इथे उलटा झालेला आहे.

याशिवाय नूयी चेन्नईतील सुशिक्षित तमिळ ब्राह्मण कुटुंबातल्या होत्या, आजोबा न्यायाधीश होते, आणि घरातल्या मुलींनी शिकावे, वादविवाद करावेत असा आग्रह होता. अमेरिकेत जी स्त्री वर्णामुळे परकी ठरली, तिला भारतात जातीचे आणि शिक्षणाचे बळ जन्मतः लाभले होते. यामुळे त्यांच्या कर्तृत्वाचे मोल घटत नाही. परंतु ज्या दलित मुलीने अभियांत्रिकीची पदवी घेऊन चेन्नईच्या माहिती तंत्रज्ञान कंपनीत पाऊल टाकले आहे, तिला ‘स्वतःची कहाणी मोकळेपणाने सांगा’ असे सांगणारा प्रशिक्षक तिच्याकडून कितीतरी अधिक जोखीम मागत असतो, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. आहार, गावातली वस्ती लपवून ठेवणे हा तिच्या बाबतीत अप्रामाणिकपणा ठरवता येणार नाही. तो संरक्षणाचा उपाय आहे.

वर्णाचा प्रश्नही केवळ अमेरिकेचा नाही. ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम भारतात १९७५ साली आले, आणि चेहरा उजळल्यावर तरुणीला आत्मविश्वास व नोकरी मिळते असे त्याच्या जाहिराती वर्षानुवर्षे सांगत राहिल्या. नावातला गोरेपणा गेला तो २०२० साली. त्याच्या बरेच आधी, २००९ मध्ये, चेन्नईच्याच ‘विमेन ऑफ वर्थ’ या संस्थेने ‘डार्क इज ब्युटिफुल’ ही मोहीम सुरू केली होती. सावळ्या मुलीला मुलाखतीला जाताना स्वतःच्या कातडीबद्दल विचार करावा लागणे, हे ज्या समाजात घडते त्या समाजाने अस्सल नेतृत्वाच्या गप्पा जरा जपून माराव्यात.

शहरातील मोठ्या उद्योगघराण्यांचा अनुभव संमिश्र आहे. मल्लिका श्रीनिवासन यांनी ‘टाफे’ या ट्रॅक्टर कंपनीचे, आणि प्रताप रेड्डी यांच्या मुलींनी अपोलो रुग्णालयांचे नेतृत्व समर्थपणे केले. त्याच चेन्नईत २०२० साली मुरुगप्पा घराण्याच्याच कन्या वल्ली अरुणाचलम यांना त्या समूहाच्या ‘अंबाडी इन्व्हेस्टमेंट्स’ या मुख्य गुंतवणूक कंपनीच्या संचालक मंडळावर बसण्यास भागधारकांनी नकार दिला. नव्वद टक्क्यांहून अधिक मते विरोधात पडली. त्या अणुअभियांत्रिकीतील डॉक्टरेटधारक, आणि वडिलांच्या पश्चात आई व बहिणीसह आठ टक्क्यांहून अधिक हिस्सा बाळगणाऱ्या. आपण स्त्री आहोत म्हणून हे घडले, असे त्यांनी जाहीरपणे म्हटले. २०२३ मध्ये कुटुंबात समझोता झाला. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांवर किमान एक स्त्री संचालक नेमण्याचे बंधन घातले असले, तरी घराण्याच्या खासगी कंपनीच्या दारापाशी ते थांबते.

नेतृत्वाची चर्चा संचालकांच्या दालनापुरतीच ठेवणे हीही एक चूक आहे. भारतातील कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रिया एकट्या तमिळनाडूत आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये चेन्नईजवळच्या श्रीपेरुम्बुदूर येथील फॉक्सकॉनच्या मोबाइल कारखान्यातील कामगार मुलींना वसतिगृहातील अन्नातून विषबाधा झाली, तेव्हा त्यांच्या सहकारी मुलींनी चेन्नई-बंगळूर महामार्ग अडवला, कारखाना काही काळ बंद राहिला, आणि वसतिगृहांच्या अवस्थेची दखल ॲपलला घ्यावी लागली. वर सांगितलेले चारही घटक या मुलींच्या कृतीत होते. त्यांना कोणी नेत्या म्हटले नाही, कारण त्यांच्याकडे पद नव्हते.

संस्थेने किती मुभा दिली आहे हे अंशतः तरी मोजता येते. सेबीच्या नियमानुसार २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना व्यवसाय दायित्व व शाश्वतता अहवाल द्यावा लागतो, आणि त्यात संचालक मंडळातील स्त्रियांचे प्रमाण, बाळंतपणाच्या रजेनंतर कामावर परतलेल्या व टिकलेल्या स्त्रियांची टक्केवारी, लैंगिक छळाच्या तक्रारी हे सारे नोंदवलेले असते. अधिकाऱ्यांच्या जातीचा रकाना मात्र त्यात नाही, आणि तो असायला हवा. ज्या मराठी वाचकांकडे या कंपन्यांचे समभाग आहेत, त्यांनी वार्षिक अहवालातले हे पान उघडून वाचावे, आणि रजेवरून परतलेल्या स्त्रिया वर्षभरात का गळाल्या, हा प्रश्न यंदाच्या सर्वसाधारण सभेत उभे राहून विचारावा.