समोर ठेवलेला घास

दार सरकवा. आत या.

बाहेर तोक्योतलं गिन्झा आहे, डिसेंबरची संध्याकाळ आहे, दिव्यांची झगमग आहे. आत एक लांब लाकडी फळी. फळीच्या अलीकडे आठ खुर्च्या, पलीकडे पांढऱ्या कपड्यांतला एक माणूस.

बसा.

पाठ सैल सोडा. फोन बंद करून पिशवीत ठेवा. पुढचे दोन तास तुम्हाला कुठेही जायचं नाही.

गरम, ओला, घडी घातलेला रुमाल हातात येतो. पुसून लगेच बाजूला ठेवू नका. दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरून ठेवा. थंडीनं आखडलेली बोटं एकेक करून मोकळी होऊ द्या. आज हेच हात जेवणार आहेत. काड्या शेजारी ठेवलेल्या असतात, पण सुशी हातानं खाल्ली तरी इथे कुणाला वावगं वाटत नाही.

समोर मेन्यूकार्ड नाही. काय घेणार, असं कुणी विचारत नाही. जागा राखून ठेवतानाच दुकानवाल्यांनी एवढंच विचारलं होतं की काही वर्ज्य आहे का. बाकी सगळं फळीपलीकडच्या माणसावर सोपवलेलं. पहाटे तोयोसूच्या बाजारात काय चांगलं आलं होतं, कुठला मासा आज खाण्याजोगा झाला आणि कुठल्याला अजून एक दिवस थांबवायला हवं, हे तो जाणतो. अशा सोपवून दिलेल्या जेवणाला ओमाकासे म्हणतात.

सकाळपासून तुम्ही निवडत आला आहात. कुठला रस्ता, कुठला शर्ट, कुणाला आधी उत्तर द्यायचं. ते आता खाली ठेवा.

ठेवलंत?

परत एकदा बघा. मन अजूनही काहीतरी निवडत असेल. राहू द्या. हळूहळू सुटेल.

श्वास घ्या. नाकानं, सावकाश.

कसला वास येतो? मासळीचा येत नाही. आधी लाकडाचा येतो, किंचित लिंबासारखा, स्वच्छ. ही फळी हिनोकीची आहे. इसेचं देऊळ दर 20 वर्षांनी नव्यानं बांधतात, तेही याच लाकडाचं. अशा दुकानांत येताना अत्तर लावून येऊ नका अशी विनंती करतात. ती का करतात, हे आता नाकाला कळतं.

लाकडाच्या मागोमाग आणखी एक वास येतो. कोमट, आंबूस. तो भाताचा.

फळीवर तळहात टेकवा. तिला वार्निश नाही, रोगण नाही. नुसतं घासून घासून मऊ झालेलं लाकूड. त्याचे रेशे बोटांखाली जाणवतात की नाही, तेवढं बघा.

आता ऐका.

खर्र, खर्र असा अगदी बारीक आवाज आहे. पाटीवर शार्कची कातडी ताणून लावली आहे आणि तिच्यावर वासाबीचा हिरवा कंद गोल गोल फिरतो आहे. वासाबीचा तिखटपणा कंद किसल्यावरच जन्माला येतो आणि काही मिनिटांत उडूनही जातो. म्हणून तो आधी किसून ठेवत नाहीत. लागेल तसा, लागेल तेवढाच.

मग एक टाळी.

पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्या माणसानं बोटं बुडवली, तळव्यावर तळवा आपटून जास्तीचं पाणी झटकलं. भात हाताला चिकटू नये म्हणून. त्या एका आवाजानं सगळी खोली जागी होते.

त्याच्या हातांकडे बघा. दुसरीकडे कुठेही बघू नका.

डाव्या हातात माशाचा काप. उजवा हात शेजारच्या लाकडी पिंपात जातो आणि भाताचा एक गोळा घेऊन येतो. तो मोजत नाही, वजन करत नाही. कधी दोन-चार शितं परत टाकतो. तर्जनीनं वासाबीचा ठिपका. भात मध्ये, अंगठ्याचा एक हलका दाब, उलटवणं, पुन्हा दाब. झालं.

तुमचा श्वास जेमतेम आत गेला होता.

पहिला घास हिरामेचा. चपटा, पांढरा, थंडीतला मासा, जवळजवळ काचेसारखा. तो खा. तो तुमची जीभ स्वच्छ करून जातो. त्याच्यापाशी फार थांबायचं नाही.

पुढच्या घासापाशी थांबायचं आहे.

तो येतो. तुमच्या समोर, फळीवर, हलकेच ठेवला जातो. हात मागे जातो.

हलू नका. बघा.

हा कोहादा. पाठीवर चंदेरी कातडी, तिच्यावर काळसर ठिपक्यांच्या ओळी. कडेला एक निळी झाक आहे, ती दिवा हलला की हलते. वर सोया सॉसचा एक पातळ हात फिरवलेला आहे, म्हणून तो ओला दिसतो. आता भाताकडे बघा. भात पांढराशुभ्र नाही, थोडा तपकिरी आहे.

आणि आता, अगदी निरखून बघा.

घास किंचित खाली बसतो.

बघितलंत? कुणी हात लावला नाही. बाहेरून तो नेटका वळला आहे, आत मात्र शितांच्या मध्ये हवा राहिली आहे. फळीवर टेकल्यावर स्वतःच्या वजनानं तो केसभर खचतो. आपण थकून घरी येऊन बसतो, तेव्हा खांदे असेच खाली येतात.

तुमचे खांदेही खाली येऊ द्या.

तुम्ही बघत आहात तोवर मी या माशाविषयी थोडं सांगते. हा भारी मासा नाही. काटे पुष्कळ, वास उग्र. वाढत जातो तशी त्याची नावं बदलत जातात: शिंको, कोहादा, नाकाझुमी आणि पुरता मोठा झाला की कोनोशिरो. मोठा होतो तसा भाव उतरतो. बोटाएवढा शिंको उन्हाळ्यात पहिल्यांदा बाजारात येतो तेव्हा मात्र त्याच्यावर उड्या पडतात.

मासा मधून उघडायचा, पसरायचा, बांबूच्या सुपावर मीठ भुरभुरून ठेवायचा. किती वेळ? ते माशाच्या आकारावर, त्याच्या अंगच्या चरबीवर आणि त्या दिवशीच्या हवेवर ठरतं. कोरड्या दिवशी वेगळं, दमट दिवशी वेगळं. थोडी मिनिटं चुकली तर मासा खारट तरी होतो, नाहीतर बुळबुळीत राहतो. मग धुवायचा, व्हिनेगरमध्ये घालायचा, काढायचा, निथळायचा. आणि मग मीठ आणि आंबट एकमेकांत मुरेपर्यंत एखादा दिवस, कधी त्याहूनही जास्त, नुसता ठेवून द्यायचा.

कोकणात पावसाळ्याच्या बेगमीसाठी बांगडा खारवतात, ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे हात ओळखीचे वाटतील. इथेही आधी गरजच होती. 1820 च्या दशकात, एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, हातानं वळलेली सुशी रूढ झाली. तिचं श्रेय बहुतेकदा हानाया योहेई या माणसाला देतात. बर्फ नव्हता. समोरच्या खाडीतला मासा टिकवायचा तर मीठ, व्हिनेगर आणि सोया सॉस, एवढाच आधार. सुशी तेव्हा रस्त्याच्या कडेला, गाडीपाशी उभ्या उभ्या खात. घासही आजच्यापेक्षा बराच मोठा असे.

भाताचा तपकिरी रंगही त्याच काळातला. हांदा गावच्या नाकानो माताझाएमोननं 1804 साली साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, चोथ्यापासून व्हिनेगर करायला सुरुवात केली. लालसर, खोल वासाचं. ते समुद्रमार्गे एदोला जाई. अलीकडे पुष्कळ दुकानं पुन्हा त्या लाल व्हिनेगरकडे वळली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पांढऱ्या भातापेक्षा हा भात जास्त बोलतो.

आता बोलणं थांबवते.

श्वास घ्या.

भात अजून कोमट आहे. अंगाच्या उबेइतकाच. ही ऊब फार वेळ थांबत नाही, म्हणून आता उचलायचं.

अंगठा आणि दोन बोटं. दाबू नका. आत हवा आहे हे लक्षात असू द्या.

सगळा घास एकदम तोंडात.

डोळे मिटावेसे वाटले तर मिटा.

आधी काहीच होत नाही. मग भात मोकळा होतो. शितं एकमेकांना सोडतात, हे जिभेला स्पष्ट कळतं. आंबटपणा येतो, तो भाताचा. त्याच्या आतून दुसरा आंबटपणा येतो, जरा उशिरा, जरा खोल. तो माशाचा. कातडीचा बारीकसा चिवटपणा दाताखाली येतो. मग माशाचं तेल पसरतं आणि ज्या वासासाठी हा मासा लोकांना नको असतो, तोच वास आता गोड लागतो. सगळ्यात शेवटी, नाकाच्या मुळाशी, वासाबी.

चावत राहा. सावकाश.

गिळल्यावरही थांबा. चव संपत नाही, ती मागे मागे जाते. तिच्या मागे जा. कुठपर्यंत जाता येतं?

अजून आहे का?

अजून?

मन भटकेल. शेजारच्या जोडप्याच्या कुजबुजीकडे जाईल. किमतीकडेही जाईल. गिन्झात अशा जेवणाचे माणशी तीस-चाळीस हजार येन सहज होतात. हे महाग आहे आणि महाग वाटलं तर वाटू द्या, मन मारू नका. फक्त तो आकडा घासात कालवू नका. घासात मीठ आहे, आणि मीठ भुरभुरून वाट बघणारा एक माणूस आहे.

आल्याची एक चकती तोंडात टाका. चहाचा एक घोट. पेला जड आहे आणि चांगलाच गरम. दोन्ही हातांनी धरा.

पाटी कोरी झाली.

यानंतरचे घास येऊ द्या. मी मध्ये मध्ये बोलणार नाही. ट्यूना येईल, सोया सॉसमध्ये थोडा वेळ मुरवलेला, गर्द लाल. हा मासा ताजा खाण्यात अर्थ नसतो, बर्फात बरेच दिवस ठेवल्यावर त्याला चव चढते. त्याच्या पाठोपाठ त्याच माशाच्या पोटाचा काप, जो चावावा लागत नाही. कोळंबी येईल, नुकतीच उकडलेली, अजून उबदार. आनागो येईल, वामेच्या गोतातला मासा, इतका मऊ शिजलेला की उचलताना भीती वाटते.

एवढंच करा: प्रत्येक घास ठेवला गेला की तो खाली बसताना बघा. मग उचला.

एखाद्या वेळी मान वर करा. पलीकडचा माणूस तुमच्याकडे बघत असतो, पण टक लावून नव्हे. पेला कुठल्या हातानं उचलता, घास किती चावता, कुठे थांबता, हे तो टिपत असतो. इथून जवळच एका तळघरात जिरो ओनो यांचं अवघ्या दहा जागांचं सुशीचं दुकान आहे. ओनो यांचा जन्म 1925 चा. गिऱ्हाईक डावखुरं आहे हे ध्यानात येताच ते सुशी डाव्या हाताला सोयीची पडेल अशी ठेवत. हे वाचल्यापासून मला वाटत आलं आहे की अशा फळीवर लक्ष देणारे आपण एकटे नसतो. आपण घासाकडे बघतो तेव्हा घास करणारा आपल्याकडे बघत असतो, आणि बोलणं जवळपास होतच नाही.

त्या नजरेत थोडा वेळ बसा. अवघडू नका. कुणीतरी आपल्याकडे बघून आपला पुढचा घास थोडा लहान करतं, हे रोज होत नाही.

शेवटी तामागो येतं. कोळंबीचं वाटण आणि किसलेला डोंगरी कंद घालून मंद आचेवर भाजलेलं अंडं, केकसारखं जाड, गोडसर. ते आलं म्हणजे ठरलेले घास संपले.

पोट कसं आहे? हात लावून बघा. जड नाही. भरलेलं आहे, तरी कोपऱ्यात जागा आहे.

तो माणूस आता पहिल्यांदा विचारतो, आणखी काही हवं का?

निवड परत तुमच्या हातात आली. लगेच उत्तर देऊ नका. जिभेला विचारा. ती काय म्हणते ते ऐका.

काही सुचलं नाही तर काम्प्यो-माकी मागा. शाकाहारी मैत्रिणींनाही मी हेच सांगते. काम्प्यो म्हणजे आपल्या दुधीच्याच जातीतल्या गोल भोपळ्याच्या लांब लांब पट्ट्या, उन्हात वाळवलेल्या. जपानात पिकणारा जवळजवळ सगळा काम्प्यो तोचिगी भागातून येतो. पट्ट्या भिजवून, उकडून, सोया सॉस आणि साखरेत शिजवतात. मग नोरीचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा, कागद, त्यावर भात, मध्ये त्या तपकिरी पट्ट्या, आणि बांबूच्या चटईत एक वळकटी.

सुरी तीनदा खाली येते. चार तुकडे होतात.

नोरी विस्तवावरून नुकतीच काढलेली आहे. मऊ पडायच्या आत पहिला तुकडा उचला, ती दाताखाली मोडताना आवाज होतो.