नुकसान नेमके कोणाचे?



जुलै महिन्याच्या आठवणी रायगडकरांना सुखाच्या नाहीत. २००५ च्या जुलैअखेरीस महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी त्याच तालुक्यातील तळिये गावावर डोंगर उतरला, ८० हून अधिक माणसे गेली आणि सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले. अशा वेळी मदतीला हात कमी पडत नाहीत. धान्य, चादरी, पाण्याच्या बाटल्या घेऊन लांबून गाड्या येतात. ही माणुसकी मोठीच आहे. परंतु गाड्या परत गेल्यावर एक प्रश्न मागे उरतो. त्यावर आज आपण थोडा विचार करू या : शेती पुन्हा उभी करण्यासाठी जी मदत येते, ती नेमकी कोणाच्या हाती पडली पाहिजे?

शेतीचे नुकसान चार दिवसांत भरून निघत नाही. नदीकाठच्या शेतात पूर गाळ, वाळू आणि दगडगोटे टाकून जातो. नुकती लावलेली भाताची रोपे त्याखाली कुजतात आणि पुन्हा राब करायला दिवस उरलेले नसतात. आपल्या किनाऱ्याकडे, अलिबाग-पेणच्या खारेपाटात, दुखणे वेगळे असते. उधाणाने बांधाला खांड गेली की खारे पाणी खाचरात शिरते. दोन-तीन पावसाळ्यांच्या गोड्या पाण्याने मीठ धुऊन निघेपर्यंत जमीन पूर्वीसारखे पीक देत नाही. चादरीने रात्रीची थंडी भागते. शेत उभे करायला बियाणे, खत, मजुरी आणि त्या दोन-तीन वर्षांत घर चालेल अशी सोय लागते.

सरकार यासाठी मदत देते. तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक पंचनामा करतात. पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाले असेल, तर क्षेत्राच्या हिशेबाने, ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम मिळते. ती सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याच्या खात्यात जमा होते. हे सारे नियमाप्रमाणे आहे. पण आपल्या गावांकडे जरा पाहा. मुले मुंबईला किंवा आखातात नोकरीला, आईवडील थकलेले, म्हणून शेत अर्धेलीने किंवा मक्त्याने दुसऱ्याला दिलेले. नांगरणी त्याची, बियाणे त्याचे, लावणीला त्याच्याच घरातल्या बाया वाकलेल्या. पूर आला, पीक गेले, आणि भरपाई मात्र मालकाच्या खात्यात आली. आता हे पैसे कोणाचे?

न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे, हे तत्त्वज्ञ प्राचीन काळापासून सांगत आले आहेत. ॲरिस्टॉटलने त्यात एक अडचण दाखवून दिली. वाटप न्यायाने व्हावे हे सर्वांना मान्य असते. भांडण होते ते कोणते माप लावायचे यावर. जमिनीची मालकी हे एक माप आहे, झालेले नुकसान हे दुसरे, आणि गरज हे तिसरे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन, मुरूड, अलिबागच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. तेव्हा बागायतीला हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर झाले. आकडा मोठा वाटला. पण आपल्याकडे वाड्या गुंठ्यांत मोजतात. १० गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशेबाने सुमारे ५ हजार रुपये होतात, आणि पोफळ पुन्हा लावून सुपारी हाती यायला बरीच वर्षे जातात. माप बदलले की न्यायही कसा बदलतो, हे यावरून ध्यानात यावे.

पुराच्या मदतीत कोणते माप योग्य, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या मदतीच्या नावातच आहे. सरकारी कागदात तिला 'निविष्ठा अनुदान' म्हणतात. निविष्ठा म्हणजे शेतीत घातलेले बियाणे, खत वगैरे. मग ज्याने ते घातले, अनुदान त्याचे. मालकी हे केवळ ते पोहोचवण्याचे दार आहे. मालक म्हणेल, "अर्धे पीक माझेही गेले, सारा मी भरतो." त्याचे म्हणणे खोटे नाही. मालक म्हणजे श्रीमंतच असेही नाही. कित्येकदा ती त्या अर्ध्या भातावर वर्ष काढणारी एखादी म्हातारी विधवा असते. शेतातला गाळ काढण्यासाठी किंवा खरडून गेलेल्या जमिनीसाठी मिळणारी मदत वेगळी असते, ती मालकाकडे राहणे रास्त आहे. परंतु पिकापोटी आलेली रक्कम खर्चाच्या प्रमाणात वाटली गेली पाहिजे. खर्च कसणाऱ्याने केला असेल, तर ती सर्व त्याला देणे हा उपकार नव्हे, ते देणे फेडणे आहे.

"मग त्याने कागद का केला नाही?" असे कोणी विचारील. याला आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आहे. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ ते १९३९ खोतांविरुद्ध संप केला, जमिनी कसल्या नाहीत, उपासमार सोसली. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते, डॉ. आंबेडकरांनी त्यांना साथ दिली. पुढे कूळ कायदे आले आणि कसणाऱ्याला संरक्षण मिळाले. पण कूळ लागेल या भीतीने मालकांनी पुढे शेत तोंडीच द्यायला सुरुवात केली. कसणाऱ्याच्या रक्षणासाठी झालेल्या कायद्याच्या भीतीनेच आज त्याचे नाव कागदावर येत नाही. ही भीती आपली आहे. तिची किंमत त्याने का भरावी?

याहूनही एक पायरी खाली शेतमजूर आहे. लावणी-कापणीला येणाऱ्या कातकरी कुटुंबाचे पीक वाहून जात नाही, कारण त्याचे पीकच नसते; जातात ते मजुरीचे दिवस. पिकाच्या पंचनाम्यात त्याला रकाना नाही. येथे रूथची गोष्ट आठवते. ती परदेशी विधवा दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला गेली. शेताची कड कापू नये, पडलेली कणसे उचलू नयेत, ती गरिबांची व परक्यांची, असा त्या लोकांचा नियमच होता. म्हणजे सरवा ही मालकाची भीक नव्हती. जमीन त्याची असली, तरी तिच्या पिकात इतरांचाही हक्क होता.

आपल्या धर्मग्रामात शेत दुसऱ्याला कसायला देणारी घरे आहेत, दुसऱ्याचे शेत कसणारीही आहेत. दोघांनाही आमची विनंती आहे. शेत देतानाच, पूर आला तर पिकाची भरपाई कशी वाटायची, हे दोन शेजाऱ्यांसमोर बोलून ठेवा. पंचनाम्याच्या दिवशी मालकाने कसणाऱ्याला सोबत घेऊन बांधावर उभे राहावे. फुटलेला बांध घालायचा किंवा शेतातला गाळ उपसायचा असेल, तर ज्यांची मजुरी बुडाली त्यांना ते काम आधी द्यावे, रोख मजुरीने. आणि भाताचे पीक गेलेच, तर पावसाळा सरल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल पेरता येतो. त्याचे बियाणे वेळेत मिळवून देणे ही मोठी मदत आहे.

खात्यात रक्कम जमा झाली की बँकेचा संदेश येतो. तो वाचल्यावर आपण कोणाच्या घरी जातो, हे ज्याने त्याने ठरवायचे आहे.