सोबतीचं काम

पाऊस लागला की गोंदियाकडच्या आमच्या दवनीवाड्याच्या बांध्यांमध्ये रोवणी सुरू होते, आणि रोवणी सुरू झाली की बाईला स्वतःच्या दुखण्याकडे पाहायला फुरसत उरत नाही. अंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागते. ती दुखत नाही. मग "रोवणी आटपू दे" असं ती स्वतःलाच सांगते. रोवणीमागून निंदण येतं, पोळा येतो, गौरी-गणपती येतात, धान कापणीला येतं. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि जे दुखत नाही त्यासाठी दवाखान्याची पायरी चढायची सवय आपल्या घरांना नाही. नवऱ्याची सोबत इथूनच सुरू होते, असं मी मानतो. "बांधीचं मी पाहतो, उद्या आपण दाखवून येऊ." एवढं एक वाक्य वेळेवर बोललं गेलं, तर पुढचं बरंचसं हलकं होतं.

हे मी नुसतं भावनेने म्हणत नाही. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा यांनी 1998 साली मुंबईच्या गरीब वस्त्यांमध्ये दीड लाखांहून अधिक स्त्रियांना घेऊन एक अभ्यास सुरू केला. त्यांतल्या निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी हाताने तपासणी केली. यंत्र नाही, सुई नाही. वीस वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. इतक्या साध्या तपासणीचं एवढं मोल असताना, बाईला तिथवर जायला घरातूनच वाट मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

निदान झालं की आपल्याकडचे पुरुष धावतात, हे मात्र खरं. गोंदिया गाठायचं, तिथून रेल्वेने सुमारे 130 किलोमीटरवरचं नागपूर. मानेवाडा रस्त्यावरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय किंवा जामठ्याची कर्करोग संस्था. कोणी विदर्भ एक्स्प्रेसने थेट मुंबईला टाटामध्ये जातो आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का पाहतो. फाइल, रेशनकार्ड, आधारकार्ड, झेरॉक्स, महात्मा फुले योजनेचा कागद, सगळं नवराच सांभाळतो. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म रुग्णालयातून सही करून घेतला की स्लीपरमध्ये कर्करुग्णाला भाडं लागत नाही आणि सोबतच्या माणसाला 75 टक्के सूट मिळते. हेही बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला कळतं. कर्ज काढलं जातं, प्रसंगी बैल विकले जातात. या माणसांचं प्रेम खोटं नाही.

पण गाडीतून उतरून दोघं घरी पोहोचतात आणि तिथे सोबत सुटते. बाई किमोची सुई घेऊन आलेली असते, तरी पीठ दळायचं राहिलंय हे तिलाच आठवतं. सासूच्या गोळ्या, धाकट्याची शाळेची फी, गाईचं दूध कोणाकडे द्यायचं, हे सगळं तिच्याच डोक्यात फिरत असतं. ती खाटेवर पडून घर चालवते.

अमेरिकेत 2013 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सात लाखांहून अधिक कर्करुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा विवाहित रुग्ण कर्करोगाने दगावण्याचं प्रमाण इतरांपेक्षा 20 टक्क्यांनी कमी निघालं. हे वाचून बरं वाटतं. मात्र पुढची ओळ टोचते. लग्नाचा हा फायदा आजारी पुरुषांना जास्त झाला, आजारी स्त्रियांना कमी. तिथल्याच 2009 च्या दुसऱ्या एका अभ्यासात 515 गंभीर रुग्णांची पाहणी होती. बायको आजारी असेल तर सुमारे 21 टक्के जोडपी विभक्त झाली, नवरा आजारी असेल तेव्हा जेमतेम 3 टक्के. आपल्या गावात कोणी सहसा बायकोला सोडून जात नाही. पण घरात राहूनही माणूस दूर असू शकतो. नवरा आजारी पडला की बायको आपला सगळा दिवस त्याच्याभोवती लावून घेते. बायको आजारी पडल्यावर घराचा दिवस होता तसाच राहतो, आणि तिने त्यात बसावं अशी अपेक्षा असते.

आमच्या घरात हा आजार आला तेव्हा धीर देणारे खूप होते. "हिंमत ठेव" हे ऐकून ऐकून बायको थकली. तिला खरा आधार वाटला तो एका वहीचा. सुईची तारीख, ताप, काय खाल्लं, काय उलटून पडलं, सगळं मी त्यात लिहीत असे. किमोनंतर साधारण आठवड्यापासून दोन आठवड्यांपर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी असतात. त्या दिवसांत ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं असतं. म्हणून घरात थर्मामीटर हवा आणि तो वाचता येणारा माणूस रात्री जागा हवा. किमोतलं लाल रंगाचं औषध दिल्यावर दिवसभर लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे, हे आधी ठाऊक असलं की घर घाबरत नाही. पहिल्या सुईनंतर दोन-तीन आठवड्यांत केस उशीवर येऊ लागतात. तेव्हा न्हाव्याला घरी बोलवायचं की आपणच कात्री धरायची, हे तिला विचारावं आणि तिचं ऐकावं.

शस्त्रक्रियेनंतर जखमेतून एक नळी बाहेर असते, तिला प्लास्टिकची डबी जोडलेली. तिच्यातलं पाणी रोज मोजून लिहायचं असतं. हे काम नवऱ्याने करावं, असं माझं ठाम मत आहे. बहीण करेल, मुलगी करेल, पण नवऱ्याने केलं तर त्याची नजर त्या जखमेवर पडते, आणि ती नजर हटत नाही हे तिला दिसतं. स्तन काढल्यावर बाई आरशात बघायचं टाळते. त्याआधी ती नवऱ्याचा चेहरा बघते. तिथे जे दिसेल त्यावर तिचं पुढचं बरंच काही अवलंबून असतं.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजू शकतो, अगदी काही वर्षांनीही. सांगितलेले व्यायाम करून हात हलता ठेवायचा, पण जखम होऊ द्यायची नाही. धानाच्या मुलखात हे कठीण आहे. चिखलात तासन् तास हात, कापणीला विळा, कुठेतरी चिरतंच, आणि त्या हातात संसर्ग पटकन पसरतो. तेव्हा ती शेतात कोणतं काम करेल हे घराने ठरवायला हवं, आणि मजुरीचे जास्तीचे पैसे औषधाच्याच खर्चात धरायला हवेत.

रेडिएशनला आठवड्याचे पाच दिवस, अनेकदा तीन आठवडे नागपुरात खोली घेऊन राहावं लागतं. पुढे अनेकींना पाच ते दहा वर्षं रोज एक गोळी घ्यावी लागते. तोवर पाहुणे येणं थांबलेलं असतं आणि लोकांच्या मते ती बरी झालेली असते. नवऱ्याची गरज याच काळात जास्त असते, कारण विचारणारं दुसरं कोणी उरत नाही.

आणखी एक काम मी स्वतःकडे घेतलं. गावात हा आजार "गाठीचं दुखणं" म्हणून दडवला जातो. मुलींच्या सोयरिकी अडतील, लोक भांडी वेगळी ठेवतील, अशी भीती असते. हा रोग एका ताटात जेवल्याने लागत नाही. जिला तो झाला त्या बाईच्या बहिणींनी आणि मुलींनी मात्र लवकर तपासून घ्यायला हवं, आणि त्यासाठी कोणीतरी त्याचं नाव मोठ्याने घ्यावं लागतं. मी माझ्या दोन्ही साळ्यांना फोन केला. मोठी म्हणाली, "दाजी, कापणी होऊ द्या." मी म्हटलं, "कापणीला माणूस मी पाठवतो. तुम्ही सोमवारी या."