चप्पल कधी निसटली?

मज्जासंस्थेचा आजार असेल अशी शंका आली की आपल्याकडचे अनुभवी डॉक्टर एक साधा प्रश्न विचारतात. चालताना पायातली चप्पल निसटते का, आणि निसटली की कळतं का? ‘कळतं, पण बोटांनी धरून ठेवता येत नाही’ असं उत्तर आलं, तर ताकद कमी झाल्याची शंका घ्यायची. ‘चार पावलं पुढे गेल्यावर मागून कुणीतरी हाक मारली, तेव्हा कळलं’ असं उत्तर आलं, तर पायाची जाणीवच गेली असावी. ताकद गेली की जाणीव, हा मोठा भेद एका चपलेने समोर येतो. त्यासाठी एमआरआय लागत नाही की पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. हा प्रश्न सुचणारा माणूस मात्र समोर असावा लागतो.

माझ्या आतेबहिणीला तो विचारला गेला तेव्हा तिच्या आजाराला चार वर्षं झाली होती. ती तालुक्याच्या गावी राहते. आधी एका डोळ्याने अंधुक दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचं. चष्म्याचा नंबर बदलून मिळाला. दीड-दोन महिन्यांत नजर बरीचशी परत आली, त्यामुळे विषय तिथेच संपला. पुढच्या उन्हाळ्यात भर दुपारी बाजारातून परतताना तिचे पाय लटपटायला लागले. घरी येऊन ओल्या फडक्याने अंग पुसून पंख्याखाली बसली, की तासाभरात ठीक. डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे. घरचेही तेच म्हणाले. तू फार विचार करतेस, असं मीही तिला म्हणाले होते. ते वाक्य मला आजही टोचतं.

तिचा आजार होता मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर हल्ला करते. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश कसाबसा जातो, आणि अंग तापलं की तोही अडतो. श्रमानंतर रुग्णाची नजर तात्पुरती मंदावते, असं विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० साली नोंदवलं, आणि त्यामागे अंगातली उष्णता असते हे पुढे कळलं. एकशे तीस वर्षांहून जुनी ही नोंद आमच्या तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचली नव्हती.

एमएसच्या जागतिक महासंघाने २०२० साली केलेल्या अंदाजानुसार जगात २८ लाख लोकांना हा आजार आहे. त्यांत बायका पुरुषांच्या दुपटीहून अधिक, आणि निदान होतं ते सरासरी बत्तिसाव्या वर्षी. ऐन संसाराच्या आणि नोकरीच्या वयात गेलेलं एकेक वर्ष महाग पडतं, कारण आजची औषधं पुढचे हल्ले कमी करतात, झालेली हानी भरून काढत नाहीत. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी प्रथमच तीन औषधं घेतली: क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामर आणि रिटुक्सिमॅब. रिटुक्सिमॅब तर भारतातही बनतं. औषधाची वाट हळूहळू मोकळी होते आहे, पण औषधापर्यंत नेणारी नजर तयार झालेली नाही.

ही नजर कुणाची? न्यूरॉलॉजिस्ट या साखळीत फार उशिरा येतो. अंधुक दिसलं की माणूस डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो, पाय जड झाला की हाडांच्या डॉक्टरकडे. लघवीची घाई होते हे बाई पुरुष डॉक्टरला सांगतच नाही, सांगितलं तर नर्सला. म्हणून एमएसचं प्रशिक्षण या मंडळींना हवं. ते सगळे वर्गासाठी शहरात येऊ शकत नाहीत, म्हणून ते दुरून द्यायला हवं. इथवर सगळ्यांचं एकमत आहे. दुरून म्हणजे कसं, यावर माझा वाद आहे.

आज दूरप्रशिक्षण म्हणजे बहुतेक वेळा तासाभराचं व्याख्यान, स्लाइड, शेवटी पाच प्रश्न आणि प्रमाणपत्र. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयगुण जमवावे लागतात, त्यामुळे अशा व्याख्यानांना उपस्थिती मिळते. त्यातून माहिती पोचते हे मी नाकारत नाही. पण एमएसमध्ये माहिती कमी पडून जितकी चूक होते, त्याहून जास्त चूक होते ती माहीत असलेली गोष्ट समोरच्या माणसात ओळखता न आल्याने.

दोन उदाहरणं देते. १९९२ साली अमेरिकेत डोळ्याच्या मज्जातंतूच्या दाहावर ४५७ रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या मात्रेत नुसत्या प्रेडनिसोनच्या गोळ्या घेणाऱ्यांना हा दाह पुन्हा होण्याचं प्रमाण वाढलं, असं तीत दिसलं. निरुपद्रवी वाटणारी चिठ्ठी इथे चुकीची ठरते. दुसरं उदाहरण, जुन्या रुग्णाचे पाय अचानक जड होतात आणि घरचे घाबरून सलाइनमधून स्टेरॉइड द्यायला सांगतात. पुष्कळदा तो नवा हल्ला नसतो. लघवीच्या जंतुसंसर्गाने ताप आलेला असतो आणि त्या उष्णतेने जुनीच लक्षणं वर आलेली असतात. तेव्हा गरज असते लघवीच्या तपासणीची. हे सगळ्यांत आधी लक्षात येऊ शकतं नर्सच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या, कारण त्या माणसाचं कालचं चालणं त्यांनी पाहिलेलं असतं. पण तसं बोलून दाखवण्याचा आधार त्यांना कुणी दिलेला नसतो.

हा आधार कसा देता येतो, याचं मला पटलेलं उदाहरण न्यू मेक्सिकोतलं आहे. संजीव अरोरा हे अल्बुकर्कीतले यकृततज्ज्ञ. हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना त्यांच्या दवाखान्यात आठ-आठ महिने थांबावं लागायचं. २००३ मध्ये त्यांनी ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. खेड्यांतले आणि तुरुंगांतले डॉक्टर आठवड्यातून एकदा पडद्यावर जमत आणि आपापला रुग्ण, नाव न सांगता, मांडत. तज्ज्ञ सल्ला देत, इतर ऐकत, आणि तोच रुग्ण पुढेही चर्चेत येत राही. २०११ मध्ये ४०७ रुग्णांचे निकाल आले. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के बरे झाले होते, तर एकोच्या ठिकाणी ५८.२ टक्के. तुरुंगातल्या डॉक्टरच्या हातून विद्यापीठाइतकाच गुण येत होता. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्सने व्यसन आणि मानसिक आरोग्याच्या प्रशिक्षणासाठी ही पद्धत वापरली. एमएससाठी ती सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाने तिथल्या नॅशनल एमएस सोसायटीबरोबर आणली.

इथे मात्र सावध राहायला हवं. हिपॅटायटिस सीमध्ये विषाणू रक्तातून गेला की गेला, निकाल आकड्यात मिळतो. एमएसला अशी शेवटची रेघ नाही, आजार जन्मभर सोबत राहतो. म्हणून अशा प्रशिक्षणाचं यश बहुधा ‘सहभागींचा आत्मविश्वास वाढला’ असं मोजलं जातं, आणि मला ते अपुरं वाटतं. चुकीच्या निदानातही आत्मविश्वास असतो. माझ्या बहिणीला टेन्शन आहे असं सांगणारे डॉक्टर पूर्ण आत्मविश्वासाने बोलत होते. मोजायचं तर पहिल्या तक्रारीपासून न्यूरॉलॉजिस्टपर्यंत किती महिने गेले, ते मोजा. लघवी न तपासता स्टेरॉइड किती जणांना दिलं गेलं, ते मोजा.

तालुक्याच्या डॉक्टरने स्वतः निदान करावं, असं माझं म्हणणं नाही. एनएमओ नावाचा आजार एमएससारखाच दिसतो. त्यातल्या बहुतेक रुग्णांच्या रक्तात सापडणारं प्रतिपिंड २००४ साली उमगलं, आणि एमएसची इंटरफेरॉनसारखी औषधं त्या रुग्णांचं दुखणं वाढवू शकतात. तज्ज्ञ हवाच. पण त्याच्यापर्यंत माणूस पोचायला हवा, तोही नीट लिहिलेल्या चिठ्ठीसह.

त्या चिठ्ठीतल्या भाषेचा प्रश्नही आहेच. युरोपातल्या एमएस संघटनांच्या मंचाने परिचारिकांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम केला, तो जर्मन, इटालियन, स्पॅनिशमध्येही. आपल्याकडे प्रशिक्षण इंग्रजीत चालतं आणि रुग्ण मराठीत बोलतो. मान वाकवली की पाठीतून करंट जातो, असं तो सांगतो. मायलिन गेल्याची ती मोठी खूण, पण ‘मणक्याचं असेल’ म्हणून सोडून दिली जाते. पोटाभोवती परकराची नाडी करकचून बांधल्यासारखं वाटतं, असं एखादी बाई सांगते आणि तिला पित्ताच्या गोळ्या मिळतात. ‘थकवा’ हा शब्द तर इतका झिजलाय की तो कुणाला ऐकूच येत नाही. ही वाक्यं इंग्रजी स्लाइडवर येणार नाहीत. ती येतील साकोलीच्या किंवा अक्कलकोटच्या नर्सच्या तोंडून, तिने मांडलेल्या रुग्णाबरोबर. अशा वेळी शिकणारी ती एकटी नसते, तज्ज्ञही शिकतो. मुंबईत १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करते आहे. रुग्णांची ही बोली कुणी गोळा करायची, तर अशा संस्थेने आणि वैद्यकीय महाविद्यालयांनी मिळून.

काही गोष्टी पडद्यावरून जाणार नाहीत. ताठरलेला पाय गुडघ्यात वाकवताना आधी अडतो आणि मग एकदम सुटतो, ते हातालाच कळतं. टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेताना बाहुली आकसण्याऐवजी पसरते, हे कॅमेऱ्यात दिसतं खरं, पण टॉर्च किती वेगाने फिरवायचा ते कुणी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन दिवस तरी एखाद्या मोठ्या रुग्णालयात प्रत्यक्ष जायला हवं. आणि आठवड्याचा तो तास ड्यूटीत धरायला हवा. दिवसभर चाळीस रुग्ण पाहिलेल्या नर्सकडे घरचा स्वयंपाक सोडून पडद्यासमोर बसण्याची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

बहीण आता पट्ट्याच्या सँडल घालते. आठवड्यातून दोनदा ती गावातल्या एका तरुण फिजिओथेरपिस्टकडे जाते. ही मुलगी दर वेळी विचारते, ताई, या आठवड्यात पाय कुठे अडखळला, सकाळी की दुपारी, ताप होता का. दुरेघी वहीत ती तारखेसह सगळं लिहून ठेवते. मी ती वही चाळून पाहिली. मागच्या मे महिन्यातली पानं भरगच्च आहेत, एका ठिकाणी समासात प्रश्नचिन्ह काढलेलं आहे. त्याचं काय झालं, असं मी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, ‘ते कुणाला विचारावं, ते कळलं नाही.’