साखरपुड्याआधीची चाचणी

चि. सोनूस,


तुझा मेसेज वाचला. कॉलेजच्या शिबिरात रक्त तपासलं, रिपोर्टवर ‘एएस’ आलं आणि आता गडचिरोलीच्या स्थळाला सांगायचं की झाकून ठेवायचं, यावर घरात खल चाललाय. आजीला वाटतं, सांगितलं की सोयरीक मोडली. माझी सगळी नोकरी रक्ततपासणीच्या टेबलावर गेली, तेव्हा माझं मत स्पष्टच लिहिते: सांग. आणि मध्यस्थाच्या तोंडून नको, मुलाला तू स्वतः सांग.

तू आजारी नाहीस, हे आधी मनात पक्कं कर. तू सिकलसेलची वाहक आहेस. हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात, एक आईची, एक बाबांची. तुझ्या एका प्रतीत एकच अक्षर बदललंय. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं; १९५७ साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी हे शोधून काढलं. तुझी दुसरी प्रत धड असल्यामुळे तुझा रोजचा व्यवहार सुरळीत चालतो. उन्हातान्हात पाणी भरपूर पीत जा, एवढं पुरे.

दोन्ही प्रती बदललेल्या असल्या, म्हणजे ‘एसएस’, तर मात्र गोष्ट वेगळी. ऑक्सिजन कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. एरवी १२० दिवस टिकणारी पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. हातापायांचे पंजे सुजून कळवळणारी तान्ही लेकरं मी पाहिली आहेत. म्हणूनच एवढ्या कळकळीने लिहिते आहे.

घरात कुणी याला शाप म्हणत असेल तर ऐकून घेऊ नकोस. एकच बदललेली प्रत असलेल्यांना जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. पूर्व आफ्रिकेत काम करून अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये ते दाखवून दिलं. आपला जंगलपट्टाही हिवतापाचाच. तुझ्या एखाद्या खापरपणजीचा जीव या बदलानेच वाचला असेल. आणि हे फक्त आईकडून येतं, हे साफ खोटं. तुझ्या बाबांकडून आलं असण्याची शक्यता तेवढीच आहे. आईला कुणी बोल लावला तर हे पत्र पुढे कर.

आता मुलाची चाचणी. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये द्रावणाच्या नळीत रक्ताचा थेंब टाकतात आणि थोड्या वेळाने नळी रेघांच्या कागदासमोर धरतात. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या, तर ‘एस’ आहे. पण वाहक की रुग्ण, हे त्यातून कळत नाही, आणि थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा वाहक तर त्यातून निसटूनच जातो. म्हणून रेघा दिसल्या तरी तेवढ्यावर थांबू नका; इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्या. थॅलेसेमियाची एक आणि तुझी एक प्रत एकत्र आली, तरी बाळाला सिकलसेलसारखाच त्रास होऊ शकतो.

त्याचा रिपोर्ट ‘एए’ आला तर बाळ फार तर वाहक होईल, तुझ्यासारखं. तोही ‘एएस’ निघाला, तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता ‘एसएस’ची. पहिलं बाळ निरोगी झालं म्हणून दुसऱ्या वेळची शक्यता घटत नाही. इथेच लोक फसतात. अशा जोडप्याने लग्न करू नये, असं मी म्हणणार नाही. गरोदरपणाच्या साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते, आणि रुग्ण मुलांसाठी आता हायड्रॉक्सियुरियासारखी औषधं आहेत. पण ही वाट दोघांनी डोळे उघडे ठेवून निवडायची, आणि ती निवड तुम्हा दोघांचीच. ऐकल्याबरोबर पाय मागे घेणारा मुलगा असेल, तर तेही लग्नाआधी कळलेलं बरं.

कुंडलीसाठी गुरुजींकडे दोनदा जाऊन आलात म्हणे. त्याच आठवड्यात हेही उरकून टाका. उपाशीपोटी जावं लागत नाही. मात्र गेल्या तीन महिन्यांत मुलाला रक्त चढवलं असेल तर लॅबमध्ये आधी सांगायला लाव, नाहीतर रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. तुझ्या धाकट्या भावालाही सोबत ने, त्याचीही तपासणी राहिलीच आहे. आजीशी मी रविवारी फोनवर बोलते.

तुझी,
आत्या