औदुंबराच्या काष्ठात शक्ती असते का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्या मेहरूणमध्ये गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. सात दिवस वाचन होतं, समाप्तीचा नैवेद्य होतो, आणि प्रसाद घेऊन मंडळी जरा सैल बसली की शंका निघायला लागतात. माझा अनुभव असा की निम्म्या शंका औदुंबराच्याच असतात. उंबराचं लाकूड चुलीत घालावं का? त्याच्या पादुका करून देवघरात ठेवल्या तर चालतात का? उंबराचं मूळ तिजोरीत ठेवलं तर लक्ष्मी टिकते म्हणतात, ते खरं का? आणि अलीकडे हमखास येणारा प्रश्न म्हणजे, 'भाऊ, आमच्या मागच्या भिंतीत उंबर फुटलाय. उपटला तर पाप लागेल का?'

प्रश्न चार दिसतात, पण मुळात तो एकच आहे. शक्ती त्या लाकडात आहे की दुसऱ्या कशात? मी काही शास्त्री-पंडित नाही. कॉमर्सचा पदवीधर, बँकेत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. पण पोथी बरीच वर्षं वाचतो आहे, आणि या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर नुकसान खरं होतं, हे डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हे मान्य केलं पाहिजे की औदुंबराच्या काष्ठाला मोठेपणा कालपरवा कुणी भोंदूने दिलेला नाही. तो फार जुना आहे. अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडात औदुंबराच्या मण्याचं स्वतंत्र सूक्त आहे. धनधान्य, पशू आणि पुष्टी मिळावी म्हणून तो मणी बांधायचा. सोमयागात मंडपाच्या मध्ये औदुंबराचा खांब रोवतात, त्याला औदुंबरीच म्हणतात, आणि त्याला स्पर्श करून सामगायन होतं. ऐतरेय ब्राह्मणात राजाच्या अभिषेकाची आसंदी, म्हणजे बसायचं आसन, औदुंबराच्या लाकडाचं सांगितलं आहे. नवग्रहांच्या होमात नऊ प्रकारच्या समिधा असतात. सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला औदुंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा आणि केतूला दर्भ. तेव्हा 'ही सगळी अंधश्रद्धा' म्हणून एका वाक्यात निकाल लावणं मला पटत नाही.

पण इथे एक गंमत लक्षात घ्या. सुताराला विचारा, तो उंबराचं लाकूड घ्यायला फारसा तयार होणार नाही. हलकं, मऊ, उघड्यावर ठेवलं तर लवकर कुजतं, कीड लागते. आपल्या खानदेशाला सातपुडा जवळ, सागाचं लाकूड आपल्याला नवीन नाही. मग राजाचं आसन सागाचं का नाही? शतपथ ब्राह्मणात त्याचं कारण सापडतं. औदुंबर म्हणजे ऊर्ज, अन्नाचं बळ, असं तिथे म्हटलं आहे. आणि खरंच, झाडाकडे नीट पाहिलं तर ते पटतं. खोडालाच फळांचे घोस लगडतात. पक्षी, माकडं, वटवाघळं, खारी, सगळ्यांचं पोट त्यावर भरतं. पाला शेळ्या-गुरांना चालतो. दुष्काळात माणसांनीही उंबरं खाऊन दिवस काढले आहेत. राजाला अशा झाडाच्या आसनावर बसवायचं ते मजबुतीसाठी नव्हे. बाबा रे, तुझी गादी लोकांच्या अन्नावर टेकलेली आहे, याची त्याला आठवण राहावी, असा मी तरी त्याचा अर्थ घेतो.

या लाकडाचा दुसरा गुण म्हणजे बाहेर कुजणारं हे काष्ठ पाण्याखाली मात्र टिकतं. म्हणून पूर्वी विहिरीच्या तळच्या चौकटीला ते वापरत. उंबर तिथे पाणी, हे तर आपल्याकडचा शेतकरी जाणतोच. वराहमिहिरानेही बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी ओळखण्याच्या खुणांत उंबर घेतला आहे. आणि आपले बालकवी ठोंबरे, धरणगावचे, त्यांनाही औदुंबर दिसला तो पाण्याच्या काठीच. त्यांची ती छोटी कविता आपण सगळे शाळेत शिकलो. १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात ते गेले, तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते. असो.

आता पोथीकडे येऊ. श्रीगुरुचरित्रातल्या चार कथा मला या प्रश्नासाठी महत्त्वाच्या वाटतात.

एकोणिसाव्या अध्यायात औदुंबराचा महिमा आहे. हिरण्यकश्यपूला फाडल्यावर नृसिंहाच्या नखांत विष भिनलं, दाह होऊ लागला. लक्ष्मीने औदुंबराची फळं आणली, त्यात नखं रोवली आणि दाह शमला. तेव्हा दोघांनी त्या झाडाला वर दिला. म्हणजे औदुंबराला मोठेपणा मिळाला तो कशामुळे? दुसऱ्याचा दाह त्याने आपल्या अंगात घेतला म्हणून.

विसाव्या अध्यायात शिरोळच्या बाईची कथा आहे. मुलं जगत नाहीत म्हणून ती गांजलेली. तिने औदुंबराची सेवा केली, पाणी घातलं, प्रदक्षिणा घातल्या.

चाळिसाव्या अध्यायात नरहरी नावाचा कुष्ठी ब्राह्मण गाणगापुरात श्रीगुरूंना शरण येतो. तेवढ्यात सरपणासाठी आणलेलं औदुंबराचं वाळलेलं लाकूड समोर येतं, चार वर्षांचं जुनं. श्रीगुरू म्हणतात, हे घेऊन जा, भीमा-अमरजेच्या संगमावर रोव आणि रोज तीन वेळा पाणी घाल. तो तसं करतो. लोक हसतात. वाळकं लाकूड कुठे फुटतं का, असं समजावतात. तो ऐकत नाही. शेवटी श्रीगुरू तिथे जातात, कमंडलूतलं पाणी घालतात, काष्ठाला पालवी फुटते आणि त्याचं शरीर निर्मळ होतं.

या तीन कथा एकत्र ठेवून पाहा. यात कुणीही झाडाची काडी मोडून गळ्यात बांधलेली नाही. कुणी मूळ खणून तिजोरीत ठेवलेलं नाही. प्रत्येक ठिकाणी झाडाला काही दिलं आहे, पाणी दिलं, वेळ दिला, प्रदक्षिणेत पाय झिजवले. नरहरीच्या हातात आलेलं काष्ठ तर सरपणाचं होतं. शक्ती नुसत्या लाकडात असती तर ज्याने ती मोळी वाहून आणली त्याचंही कल्याण व्हायला हवं होतं.

यावर एका गृहस्थांनी मला अडवलं होतं. ते म्हणाले, 'मग भावच मोठा असेल तर बाभळीचा दांडका रोवला तरी चालेल की!' प्रश्न बिनतोड वाटला. उत्तर द्यायला मला माझ्या धंद्यातलाच दाखला सापडला. चेक म्हणजे शेवटी कागदाचा तुकडा. पण म्हणून वहीचं पान फाडून त्यावर रक्कम लिहिली तर बँक पैसे देत नाही. पान बँकेनेच दिलेल्या चेकबुकातलं लागतं. तसं काष्ठ परंपरेतलं, गुरूंनी हातात दिलेलं असावं लागतं, आपल्या मनाला आलं ते नव्हे. पण पान बरोबर असूनही खात्यात शिल्लक नसेल तर चेक परत येतो. ती शिल्लक म्हणजे सेवा. आणि दुसऱ्याच्या चेकबुकातलं पान चोरून वापरलं तर तो गुन्हा. अमावास्येच्या रात्री कुणाच्या तरी बांधावरच्या जिवंत झाडाची मुळी तोडून आणणं हे त्यातलंच.

अर्थात बँकेचा दाखला इथेच थांबतो. नरहरीने घातलेल्या पाण्याचा हिशोब करून त्याला पालवी विकत मिळाली नाही. शेवटचं पाणी कमंडलूतलंच होतं. माणसाने रोज आपलं भांडं भरून न्यायचं, फळ कधी आणि किती ते श्रीगुरूंनी ठरवायचं. मूळ किंवा ताईत विकणारा नेमकं याच्या उलट सांगतो. तो म्हणतो, तू काहीच करू नकोस, पैसे दे, फळाची हमी माझी.

आणि यातूनच नुकसान होतं. मी पाहिलेल्या एका घरात म्हाताऱ्या आईच्या पायाची जखम भरत नव्हती. साखरेचा आजार होता. कुणीतरी उंबराचं सिद्ध केलेलं मूळ दिलं, बरेच पैसे घेतले, आणि हे बांधल्यावर औषध चालत नाही असं सांगितलं. पुढे तिचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. माऊली अजून रोज दत्ताचं नाव घेते, तिची श्रद्धा कमी झाली नाही. पण तिच्या श्रद्धेचा कुणी धंदा केला, हा विचार मला टोचतो. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून गंडेदोरे बांधणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने आपल्या राज्यात गुन्हा आहे. आणि कुष्ठरोग म्हणाल, तर तो आज औषधांनी पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात ती औषधं मोफत मिळतात. चाळिसावा अध्याय वाचणाऱ्याने चट्टा लपवून घरी बसू नये. अध्यायही वाचावा, गोळ्याही घ्याव्यात. गोळी वेळेवर घेणं हेही रोज तीन वेळा पाणी घालण्यासारखंच आहे.

राहिली चौथी कथा, अठराव्या अध्यायातली. एका गरीब ब्राह्मणाच्या दारात घेवड्याचा वेल होता. त्याच्या शेंगांवर घर चालायचं. श्रीगुरू भिक्षेला आले, शेंगांची भाजी जेवले, आणि जाताना वेल तोडून गेले. बायको रडली, त्रागा केला. नवऱ्याने तिची समजूत काढली. मग वेलाचं मूळ काढायला गेला तर खाली द्रव्याने भरलेला कुंभ सापडला. ही कथा सांगून मला एकजण म्हणाले, 'बघा, गुरूंनीसुद्धा तोडलाच ना?' तोडला, खरं आहे. म्हणून 'झाड कधीच तोडू नये' असं सरसकट मीही म्हणत नाही. पण तोडणारा हात कुणाचा होता ते पाहा. ज्याला स्वतःसाठी काहीच नको होतं, त्याचा. आपण तोडतो ते बहुधा गाडी लावायला जागा हवी म्हणून.

भिंतीतल्या उंबराचं काय, याचं माझं उत्तर असं. पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडतं, फटीत रुजतं. वाढू दिलं तर भिंत तडकते, आणि पडकी भिंत पोरांच्या अंगावर आली तर ते काही पुण्य नव्हे. रोप लहान असतानाच, पावसाळ्यात, मुळासकट अलगद काढावं आणि जिथे त्याला वाढता येईल तिथे लावावं. पाण्याजवळ लावलं तर उत्तम. आपला मेहरूणचा तलाव जवळ आहे, पण तिथे लावायचं तर महापालिकेला विचारून. मोठं झाड असेल तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे शहरात वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती घ्यावी, आणि अर्ज करण्याआधी आपल्या मनालाही एकदा विचारावं, ही गरज आहे की नुसती सोय? मुलगा-सून स्लॅब टाकायचं म्हणतात आणि आई झाडाला हात लावू देत नाही, असं भांडण ज्या घरात आहे, तिथे दोघांचंही ऐकावं. सुनेला खोली हवी हेही खोटं नाही. फांदी छाटून, खोली चार फूट अलीकडे घेऊन बऱ्याचदा मार्ग निघतो. नाहीच निघाला, तर निदान ते झाड जाण्याआधी दुसरं लावून जगवावं. नुसतं लावून फोटो काढणं मी धरत नाही.

लाकडाबद्दल सांगायचं तर होमाला समिधा वाळलेल्या, गळून पडलेल्या फांदीच्या घ्याव्यात. झाड वादळात पडलं आणि त्याच्या पादुका करून देवघरात ठेवल्या तर उत्तम, त्यांच्यापुढे डोकं टेकताना आपल्यालाच नम्रता येते. पण 'पादुका आहेत म्हणून घराला काही होणार नाही' असं म्हणून त्यांच्या भरवशावर निष्काळजी राहू नये.

उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतात. ते असतं, फळाच्या पोटात असतं, आणि बारीकसं चिलट आत शिरतं तेव्हाच बी धरतं. काष्ठाची शक्तीही मला तशीच वाटते. बाजारात मांडून दाखवता येत नाही.

यंदा दत्तजयंतीला कुणी सारंगखेड्याच्या यात्रेला जाईल, कुणी नरसोबाच्या वाडीला, कुणी भिलवडीजवळच्या औदुंबर क्षेत्री. ज्यांना गुडघ्यांमुळे जमणार नाही त्यांनी आपल्या गल्लीतला उंबर शोधावा. पौर्णिमेला त्याला सगळेच पाणी घालतात. आपल्या खानदेशात एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. त्या दिवसांत त्या झाडाला, विशेषतः नवीन लावलेल्या रोपाला, तांब्याभर पाणी कोण घालतं, हे ज्याचं त्याने पाहावं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥